श्वासाचा मुखवटा

घोरणे हा आपल्याकडे विनोदी लेखकांचा आणि लग्नाच्या जानवशातील थट्टेचा विषय आहे. वर्गात मागच्या बाकावर एखादा मित्र घोरू लागला तर सारा वर्ग हसतो, आणि सरही हसतात. आमच्या घरी मात्र घोरण्याचे कौतुक होते. आमचे वडील, म्हणजे आण्णा, अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागत आणि ते घोरणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. "दमून आलंय पोर, निजू दे त्याला," असे म्हणून आजी आम्हा भावंडांना गप्प करी. गाढ झोप म्हणजे घोरणे, अशीच आमची सर्वांची समजूत होती. ही समजूत किती चुकीची होती आणि ती सुधारताना आम्ही आणखी कोणत्या चुका केल्या, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी कला शाखेची, द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात इंग्रजीतला कोणताही कागद आला की तो माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी एका यंत्राबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आमच्या घरी आली आणि ती वाचण्याचे काम माझ्यावर पडले. डॉक्टरांनी समजावून सांगितलेले आणि त्या पुस्तिकेने शिकवलेले असे जे काही आहे, ते येथे मांडत आहे.

प्रथम रोगाविषयी. झोपेत आपल्या शरीराचे स्नायू सैल पडतात. त्यात जीभ, टाळूचा मागचा मऊ भाग आणि घशाच्या भिंती यांचे स्नायूही आले. कोणाचा घसा मुळातच अरुंद असतो, कोणाच्या मानेभोवती चरबी साठलेली असते, कोणाचा खालचा जबडा थोडा मागे असतो. अशा माणसांमध्ये हे सैल पडलेले भाग हवेच्या वाटेत येतात. वाट अर्धवट अडली म्हणजे हवा थरथरत आत जाते. त्यालाच आपण घोरणे म्हणतो. वाट पूर्ण अडली म्हणजे श्वासच थांबतो. छाती वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू पुन्हा ताठ होतात आणि माणूस मोठा आचका देऊन श्वास घेऊ लागतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबणे यास अॅप्निया म्हणतात. श्वास थांबण्याचे किंवा बराच उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला 5 ते 15 असतील तर रोग सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि 30 च्या पुढे गेले तर तीव्र समजतात. या रोगाचे नाव स्लीप अॅप्निया. रात्रभर अशी ओढाताण झालेला माणूस दिवसा पेंगतो, चिडतो, त्याचा रक्तदाब वाढतो. आणि त्याच्या हाती गाडीचे चाक असेल तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको.

इंग्रजी साहित्य घेतलेल्या मित्रमैत्रिणींना चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (1836-37) मधला जो नावाचा लठ्ठ पोरगा आठवत असेल. तो काम करता करता झोपी जातो आणि घोरू लागतो. 1956 मध्ये अमेरिकेतील काही डॉक्टरांनी लठ्ठपणा, दिवसाची झोप आणि श्वासाची मंदता असलेल्या रुग्णाचे वर्णन करताना त्या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव दिले. अर्थात हा रोग केवळ लठ्ठ माणसांनाच होतो असे नाही. आमचे आण्णा अंगाने सडपातळच आहेत.

आण्णा दुधाचा टँकर चालवतात. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे त्यांचा टँकर सरळ रस्ता सोडून शेजारच्या उसाच्या फडात शिरला. दैव बलवत्तर म्हणून कोणास इजा झाली नाही. "डुलकी लागली नव्हती," असे आण्णा शपथेवर सांगत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. त्यांना ती लागल्याचे कळलेच नव्हते. जिल्ह्याच्या गावी डॉक्टरबाईंनी आईला विचारले, "रात्री त्यांचा श्वास अडकतो का?" तेव्हा आईने जे सांगितले ते आम्हा मुलांनाही ठाऊक नव्हते. घोरणे मध्येच थांबले की आई जागी होई आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागे. वीस झाले तरी श्वास आला नाही तर ती आण्णांना हलवी. अशी ती कित्येक वर्षे रात्र रात्र मोजत बसली होती. पुढे झोपेची तपासणी झाली आणि आण्णांचा आकडा निघाला तासाला 38. उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरबाईंनी बजावले. घरात मिळवता हात एकच. पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही सीपॅप नावाचे यंत्र विकत घेतले.

या यंत्राचे कार्य समजण्यास सोपे आहे. आत एक लहानसा पंखा असतो. तो खोलीतलीच हवा गाळून, किंचित दाबाखाली, नळीवाटे मास्कमध्ये आणि तेथून नाकात पाठवतो. पुष्कळांना वाटते की यातून प्राणवायू सोडतात, तसे नाही. हवा तीच, फक्त तिच्या दाबाने घसा आतून उघडा राहतो, जसा वारा भरलेला सायकलचा ट्यूब चपटा होत नाही. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेक यंत्रे 4 पासून 20 पर्यंत दाब देतात. आण्णांना 11 सांगितला होता. हौदात अर्धी वीत खोल बोट घातले तर त्यावर पाण्याचा जेवढा भार येईल, तेवढाच हा दाब.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांची. त्यापूर्वी तीव्र रोग्यासाठी एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणे. 1980 च्या जून महिन्यात सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाचा प्रयोग प्रथम एका रुग्णावर केला आणि 1981 मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. उपाय तर सापडला, पण हवा चेहऱ्यापर्यंत पोहोचवायची कशी? त्या सुरुवातीच्या काळात रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन प्रत्येकासाठी वेगळा मास्क बनवीत आणि तो रोज रात्री चिकटद्रव्याने चेहऱ्याला चिकटवीत. म्हणजे यंत्र सर्वांना सारखे चालते, पण मास्क ज्याचा त्यालाच लागतो, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. आम्हाला ते कळायला मात्र पुष्कळ दिवस गेले.

आम्ही यंत्राची चौकशी दहा ठिकाणी केली आणि मास्क दुकानदाराने दिला तो घेतला. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क होता. "हे माप सगळ्यांना बसतं," असे तो म्हणाला. घरी आण्णांनी तो लावला आणि मिशीवरून हवा फुरफुर सुटू लागली. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, मिशी काढा. आता आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवीत नाही, आणि आमचे आजोबा ऐंशीच्या घरात असले तरी अजून स्वतः गुरे सोडतात. आण्णा एवढेच म्हणाले, "माझा बाप जित्ता हाय." विषय संपला.

मग मी माझी विद्या वापरली. हवा सुटते म्हणजे पट्टे सैल आहेत, असे ठरवून मी ते करकचून आवळले. तिसऱ्या दिवशी आण्णांच्या नाकाच्या दांडीवर लाल चट्टा उठला, पाचव्या दिवशी तेथील कातडी सोलवटली आणि आठव्या दिवशी यंत्र पत्र्याच्या ट्रंकेत गेले. "कुणीतरी तोंड दाबून धरल्यागत हुतंय. माझ्यानं व्हायचं न्हाई," असे ते म्हणाले. तेव्हा मी त्यांना बोलू नये ते बोलले. कर्ज काढून आणलेली वस्तू, आणि तुम्हाला चार रात्री कळ सोसवत नाही, असे काहीसे. आण्णा रागावले नाहीत. "एक डाव तू लावून निज," म्हणाले. मी मास्क धुऊन घेतला आणि लावला. डोळ्यांत वारा घुसत होता, नाक दुखत होते, आणि श्वास सोडताना कोणीतरी तो परत आत ढकलत आहे असे वाटत होते. दहा मिनिटांत मी तो काढून टाकला. त्या रात्री मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पट्टे आवळू नयेत, हे तिच्यात ठळक अक्षरांत छापलेले होते.

त्यानंतर आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. तेथील तंत्रज्ञांनी आण्णांना तासभर दिला आणि आमच्या शंका दूर केल्या. त्यांच्याकडून जे समजले ते असे.

मास्क मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला केवळ नाक झाकणारा. तो नाकाच्या दांडीपासून वरच्या ओठापर्यंत बसतो. दुसरा सर्वांत लहान. त्यात दोन मऊ बोंडे असतात आणि ती नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात, बाकी चेहरा मोकळा राहतो. तिसरा नाक व तोंड दोन्ही झाकणारा. अनेकांना वाटते की मोठा मास्क म्हणजे जास्त चांगला. वस्तुस्थिती उलट आहे. मास्क जितका मोठा तितकी त्याची कड लांब, आणि कड जितकी लांब तितकी हवा सुटण्याच्या जागा अधिक. शिवाय तोंडावरचा मास्क खालच्या जबड्याला मागे रेटू शकतो आणि मग दाबही जास्त लागू शकतो. म्हणून ज्याला नाकाने श्वास घेता येतो त्याने आधी नाकाचा मास्क वापरून पाहावा, असाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. ज्यांचे नाक कायमचे चोंदलेले असते त्यांना मात्र मोठ्या मास्कचा आधार घ्यावा लागतो.

"पण हे तोंड उघडं टाकून झोपतात," असे आईने सांगितले. त्यावर डॉक्टरबाईंनी आधी नाक तपासले. धूळ आणि धूर यांमुळे ते आतून सुजलेले होते. त्यांनी नाकात मारायचा फवारा दिला आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले. पुष्कळ माणसे तोंडाने श्वास घेतात ती केवळ नाक बंद असते म्हणून. नाक मोकळे झाले तर तोंड आपोआप मिटू लागते. तेवढ्याने न भागल्यास हनुवटीला आधार देणारा पट्टा मिळतो, अथवा मास्कचा प्रकार बदलावा लागतो.

यानंतर माणसाच्या सवयी पाहाव्या लागतात. दाढीमिशी असेल तर मऊ कड केसांवर नीट टेकत नाही. अशांना नाकपुड्यांचा लहान मास्क बहुधा सोयीचा पडतो, कारण तो मिशीच्या वरच राहतो. कुशीवर झोपणाऱ्याला उशीवर घासणारा अवजड मास्क चालत नाही. नळी डोक्याच्या वरून जाणारे मास्क त्याच्यासाठी असतात. कोंडल्यासारखे वाटणाऱ्याला, किंवा झोपण्यापूर्वी चष्मा लावून वाचणाऱ्याला, डोळ्यांसमोर काही नसलेला मास्क द्यावा. कवळी वापरणाऱ्याचे गाल ती काढल्यावर बसतात आणि चेहऱ्याचे माप बदलते, म्हणून रात्री तो ज्या अवस्थेत झोपतो त्याच अवस्थेत माप घ्यावे. दाब फार जास्त असेल तर बोंडांतून येणारा झोत नाकात झोंबतो, तेव्हा नाकभर बसणारा मास्क बरा. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: काही मास्कचे पट्टे लोहचुंबकाने जोडलेले असतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, किंवा शरीरात चुंबकाचा परिणाम होईल असे उपकरण वा धातूचा तुकडा बसवलेला आहे, त्यांनी, आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यानेही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा मास्क घेऊ नये.

मापाविषयी तर आमचे पूर्ण अज्ञान होते. एकाच मास्कची लहान, मध्यम, मोठी अशी मापे असतात आणि ती माणसाच्या उंचीवर नव्हे, तर मास्कच्या प्रकारानुसार नाकाच्या किंवा चेहऱ्याच्या मापावर ठरतात. चप्पल घेताना आपण पाय घालून चार पावले चालून पाहतो, तसाच मास्कही वापरून पाहावा. दुकानात खुर्चीवर बसून, यंत्र बंद ठेवून लावलेला मास्क काहीच सांगत नाही. आडवे झाल्यावर चेहऱ्याचे मांस मागे सरकते, म्हणून रुग्णाने आडवे व्हावे, यंत्र नेहमीच्या दाबावर चालू करावे, दोन्ही कुशींवर वळून पाहावे आणि मग पट्टे जुळवावेत. मास्कची कड दुहेरी आणि पातळ असते. हवा भरली की ती फुगते आणि स्वतःच चेहऱ्याला लागते. पट्टे आवळले की ती चपटी होते आणि हवा अधिकच सुटते. माझी चूक नेमकी येथे झाली होती. हवा सुटू लागली तर मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा अलगद टेकवावा. पट्ट्याखाली एक बोट सहज गेले पाहिजे. मास्कवर बारीक भोके असतात, त्यांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे. उच्छ्वासाची हवा बाहेर जाण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असतात. ती कधीही बुजवू नयेत. आजीने एका रात्री "वारं लागतंय पोराला" म्हणून त्यांवर फडके टाकले होते, म्हणून हे लिहिले.

यंत्र एका कंपनीचे आणि मास्क दुसऱ्या कंपनीचा, असे चालते का, हा प्रश्न आम्हाला पडला होता. नळीचे तोंड सामान्यतः 22 मिलिमीटरचे ठरलेले असते, त्यामुळे बहुतेक मास्क बहुतेक यंत्रांना जोडता येतात. म्हणजे मास्क मानवला नाही म्हणून यंत्र बदलण्याचे कारण नाही. मास्क बदलल्यावर यंत्रातील मास्कच्या प्रकाराची खूण तेवढी बदलून घ्यावी.

आण्णांना नाकपुड्यांचा, मध्यम मापाचा मास्क बसला. मिशी तशीच राहिली. पहिले चार दिवस त्यांनी तो फक्त संध्याकाळी, जागेपणी, कट्ट्यावर रेडिओ ऐकताना अर्धा तास लावला. गल्लीतली पोरे बघायला जमली. आण्णांनी त्यांना सोंडेचा गणपती म्हणून दर्शन दिले. यंत्रात रॅम्प नावाची सोय असते, तिच्यामुळे दाब सुरुवातीला कमी राहून हळूहळू चढतो. तीही चालू केली. तरी सर्व एका रात्रीत झाले असे मी म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात ते मध्यरात्री मास्क झोपेतच काढून टाकीत. दुसऱ्या आठवड्यात तीन तास, मग चार, मग पाच.

निगा राखण्यातही काही गोष्टी आमच्या आम्हीच शिकलो. आण्णा रोज रात्री डोक्याला खोबरेल तेल थापत. तेलाने पट्टे घसरतात आणि सिलिकॉनची मऊ कड लवकर खराब होते. आता तेल सकाळी आणि झोपण्यापूर्वी साबणाने तोंड धुणे, असा क्रम ठरला आहे. बोंडे रोज सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. उन्हात ठेवली तर ती कडक होतात. नळी आठवड्यातून एकदा. ही मऊ कड कायमची टिकत नाही. ती सैल पडली की तेवढाच भाग वेगळा मिळतो. घसा कोरडा पडत असेल तर हवा ओलसर करणारे भांडे यंत्राला जोडता येते, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. वीज गेली की यंत्र बंद पडते. तोंडही झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि लहान मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. तेव्हा गुदमरण्याची भीती नसते, पण घोरणे परत येते. आमच्याकडे वीज वरचेवर जाते, म्हणून जुन्या बॅटरीवर एक इन्व्हर्टर बसवला आहे.

आज आठ महिने झाले. आण्णा रात्री सहा तास मास्क लावतात. यंत्राच्या पडद्यावर तास आणि गळती दोन्ही दिसतात, आणि रोज सकाळी ते आकडे मी वहीत मांडते. डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासून गाडीची परवानगी दिली. आण्णांनी मालकाकडून दिवसाची फेरी मागून घेतली. कर्जाचे हप्ते अजून बाकी आहेत. आईला मात्र अजूनही मध्यरात्री जाग येते. शांतता असली की ती पूर्वीसारखी मोजू लागते, मग यंत्राचा बारीक आवाज कानी येतो आणि ती कूस बदलते.

वाचकमित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणीतरी मोठ्याने घोरत असेल, मध्येच थांबून आचका देत असेल आणि दिवसा पेंगत असेल. त्याला हसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि यंत्र घरी आले व तो माणूस मास्क फेकू लागला, तर त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी तो मास्क एकदा स्वतः लावून पाहा. मी हे आठ दिवस उशिरा केले. पुस्तिका आधीच वाचली असती, तर आण्णांच्या नाकावरचा तो डाग आज दिसला नसता.